राहात्याचा मुक्काम

नगर-मनमाड रस्त्याने जाणारा माणूस राहात्याला सहसा उतरत नाही. त्याला शिरडी गाठायची असते, आणि शिरडी येथून अवघी पाचसहा किलोमीटर. एस.टी. थांबते, खिडकीशी पेरूच्या पाट्या येतात, प्रवासी एक पेरू पारखून घेतो, त्यावर तिखटमीठ भुरभुरून घेतो, आणि शेवटची फोड संपण्यापूर्वीच गाव मागे पडलेले असते. १९९९ साली राहाता तालुक्याचे ठिकाण झाले. लोणीचा साखर कारखाना, पुणतांब्याची चांगदेवांची समाधी, खुद्द शिरडी, ही सारी या तालुक्यात मोडतात. पण "केवळ राहात्याला म्हणून येणारा पाहुणा आम्हांला दिवाळीला एखादा दिसतो," असे तेथले एक गृहस्थ मला हसत म्हणाले.

पूर्वी मात्र एक फार मोठा पाहुणा मुद्दाम राहात्याला येत असे. शिरडीच्या साईबाबांचे सारे जाणेयेणे इकडे राहाता आणि तिकडे निमगाव, एवढ्या टापूतच होते. राहात्याच्या खुशालचंद शेटजींवर त्यांचा लोभ. कधी बैलगाडीतून, कधी टांग्यातून बाबा निघत, आणि राहात्याचे लोक वाजंत्री घेऊन वेशीपर्यंत सामोरे जात, असे हेमाडपंतांच्या श्रीसाईसच्चरितात आले आहे. शिरडीत बाबांनी बाग केली तिच्यासाठी झेंडूची, जाईजुईची रोपेही राहात्याहूनच नेली. म्हणजे शिरडीला फुले गेली ती येथली, आणि बाबांनी वेशीत ऐकली ती वाजंत्रीही येथलीच!

त्या वाजंत्रीचा माग काढीत मी राहात्याला गेलो असे म्हटले तर लेख शोभून दिसेल, पण ते खरे नव्हे. मी गेलो तो एका विलायती वाद्याच्या निमित्ताने. पुण्यात माझा एक मित्र गिटारी दुरुस्त करतो. मला स्वतःला वाजवता काही येत नाही, पण यंत्र उघडलेले दिसले की पाय तेथून हलत नाही. मित्राला राहात्याहून फोन आला की एक जुनी इलेक्ट्रिक गिटार सुरात राहात नाही, येऊन पाहता का? मित्राने हत्यारांची पेटी उचलली आणि त्या पेटीमागोमाग मीही निघालो.

गाव ओलांडून कालव्याच्या बाजूला वळले की उसाचे आणि पेरूचे राज्य सुरू होते. गोदावरीच्या उजव्या कालव्याचे पाणी या भागाला मिळाले आणि कोरडवाहू माळाची बागाईत झाली. बागाईत आली की पैसा येतो, पैसा आला की लग्ने थाटाची होतात, आणि थाटाच्या लग्नाला वाजवणारे लागतात. आमच्या यजमानांच्या घरात या साऱ्या बदलाचा इतिहास भिंतीवर टांगलेला होता. आजोबांची सनई, वडिलांचे बँडमधले क्लॅरिनेट, आणि त्याच्या खाली एक पत्र्याची बटणे असलेला जुना बेंजो.

हा बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. हे आपले बुलबुलतरंग. याचे मूळ जपानात. १९१२ साली नागोया शहरातल्या गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाइपरायटरसारखी बटणे तारांवर बसवून हे वाद्य काढले. हिंदुस्थानात येऊन ते बुलबुलतरंग झाले, पुढे त्याला विजेचा कान बसला, आणि महाराष्ट्रात गणपतीच्या मिरवणुकीपासून हळदीपर्यंत त्याच्या 'पार्ट्या' झाल्या. जपानातल्या बैठकीतले वाद्य राहात्याच्या वरातीत नाचणाऱ्यांना नाचवू लागले, ही काही लहान गंमत नव्हे.

यजमान पन्नाशीचे, बोलायला मऊ. लग्नसराईत ते एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात, एरवी शेती पाहतात. चहा झाल्यावर त्यांनी गिटार आणली, ती लहान मुलाला आणावे तशी दोन्ही हातांवर.

"दादा, ही मुंबईहून आणली, पंचाण्णव साली," ते माझ्या मित्राला म्हणाले. "हॉटेलात वाजवणाऱ्या एका भल्या माणसाने विकली. तेव्हा एक गाय विकली होती आम्ही. वडील आठ दिवस बोलले नाहीत. मग एका वरातीत ऐकली आणि म्हणाले, गाय वाया नाही गेली."

गेल्या दोन वर्षांत मात्र गिटार रुसली होती. एखादे गाणे रंगात आले, दांडी दाबली, की परत येताना सूर भलतीकडेच. एका मोठ्या शहरातल्या दुकानाने निकाल दिला होता की घोडी जुनी झाली, भंगारात घाला, नवी बसवा. नव्या घोडीचा खर्च म्हणजे सीझनमधल्या कित्येक रात्रींची बिदागी. आणि इकडे पुतण्या कीबोर्डवर बसून गिटारीचा आवाज एका बटणात काढून दाखवत होता. ऑर्केस्ट्राचा मालक म्हणाला होता, "तुळशीचे लग्न लागेपर्यंत बघा. नाही जमले तर यंदा गिटारीशिवाय जाऊ." यजमानांनी हे सांगितले ते खाली पाहून. घरात तीन पिढ्या वाजवणाऱ्या, आणि चौथीच्या तोंडावर ही नोटीस.

ज्या वाचकांनी गिटार फक्त पडद्यावर पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सतारीला मींड काढायची तर वादक तार पडद्यावर ओढतो. गिटारवाल्यांनी वेगळी युक्ती काढली. तारा ज्या घोडीवर टेकतात ती घोडीच हलती करायची, तिला एक दांडी लावायची, आणि दांडी दाबली की सहाही तारा एकदम सैल होऊन सूर खाली घसरायचा. अमेरिकेतल्या लिओ फेंडरने १९५४ साली आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीला अशी घोडी बसवली आणि तिला 'ट्रेमोलो' म्हटले. वास्तविक ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणाचे कंपन. सुराच्या आंदोलनाला व्हायब्रेटो म्हणतात. पण एकदा पडलेले नाव जन्मभर चिकटते, हे गावातल्या 'बाळू' नावाच्या सत्तर वर्षांच्या आजोबांना विचारा.

या घोडीत एक खोट होती. दांडी जोरात दाबली की तार खुंटीभोवतीच्या वेढ्यांत सरकते, मानेच्या टोकाच्या 'नट'मध्ये अडकते, आणि पूर्वीच्या जागी परत येत नाही. १९७६ च्या सुमारास फ्लॉइड रोझ नावाचा एक गिटारवादक या खोटीच्या मागे लागला. तो दागिने घडवीत असे, त्यामुळे बारीक धातुकाम हाताशी होते. त्याने विचार केला की तार सरकते म्हणून बिघडते, तर तिला सरकूच द्यायचे नाही. नटाशी शिकंजा घालून तार आवळली, घोडीशी दुसरा शिकंजा घालून आवळली. दोन्ही दारांना कुलूप! १९७९ साली त्याला पेटंट मिळाले. सुरुवातीच्या घोड्या त्याने हातानेच घडवल्या आणि एडी व्हॅन हेलनसारख्या नामांकित वादकांनी त्या उचलल्या. पण कुलूप लावल्यावर सूर किंचित चढला-उतरला तर दरवेळी कुलूप उघडणार कोण? म्हणून १९८० च्या दशकाच्या आरंभी घोडीवरच सहा लहान स्क्रू आले. तंबोऱ्याला जसे मणी, तसे हे गिटारीचे मणी. पुढे ही घोडी जर्मनीतल्या शालर कारखान्यात बनू लागली आणि जगभर गेली.

माझ्या मित्राची कामाची एक पद्धत आहे. तो पहिली पंधरा मिनिटे हत्याराला हात लावत नाही. "आधी ओळख, मग इलाज," हे त्याचे ब्रीद. त्याने गिटार खिडकीच्या उजेडात धरली. घोडीवर बारीक सुरांचे सहा स्क्रू होते, म्हणजे अगदी पहिल्या अवतारातली नव्हे. मग त्याने ओलसर फडक्याने घोडीच्या पाटीवरचा वर्षानुवर्षांचा मळ पुसला. मळाखालून फ्लॉइड रोझचे नाव आले, आणि मागच्या कडेला पेटंटांचे आकडे व 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे. यजमान वाकून पाहू लागले. तीस वर्षे ज्या वस्तूवर हात ठेवला तिच्यावर काही लिहिलेले आहे, हे त्यांना आज कळत होते.

"नुसत्या अक्षरांवर जाऊ नका," मित्र म्हणाला. "अक्षरे कुणीही ठोकतो." त्याने पेटीतून एक लहानसा लोहचुंबक काढला आणि पाटीला लावला. चुंबक टक्कन बसला. मग तारांखालच्या लहान खोगिरांना लावला, तेथेही बसला. पोलाद! फ्लॉइड रोझने परवाना देऊन इतर कारखान्यांनी ज्या घोड्या काढल्या त्यांतल्या स्वस्तातल्या कित्येक जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. वरून मुलामा तसाच चमकतो, पण चुंबक धरत नाही, आणि त्यांची धार लवकर बसते. परवान्याची म्हणून सगळीच हलकी असेही नव्हे. जपानी आयबानेझ गिटारींवरच्या 'एज' नावाच्या जुन्या घोड्यांना जाणते लोक आजही मान देतात. आणि काहलर नावाची घोडी तर जातच निराळी, तिच्यात धारेऐवजी फिरता कणा असतो. तिला या घोडीचे औषध चालत नाही. म्हणून आधी ओळख.

धार म्हणजे काय तेही सांगतो, कारण सगळी मेख तेथे आहे. या घोडीच्या पाटीची पुढची कड दोन ठिकाणी सुरीसारखी धारदार केलेली असते. लाकडात रोवलेल्या दोन जाड स्क्रूंच्या खाचांत ती धार टेकते, आणि सारी पाटी त्या दोन बिंदूंवर झुलते. सोनाराच्या तराजूची दांडी जशी सुरीच्या धारेवर तोललेली असते, तसाच हा प्रकार. एका अंगाला सहा तारांचा मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोंचा ताण, दुसऱ्या अंगाला गिटारीच्या पोटात बसवलेल्या तीन ते पाच स्प्रिंगांचा ताण. दोन्ही सारखे झाले की पाटी सपाट तरंगते. एक तार सैल केली की स्प्रिंगा पाटीला मागे खेचतात आणि बाकीच्या पाच तारा चढतात. म्हणून नवखा माणूस ही गिटार लावायला बसला की संध्याकाळ होते. एका तारेला समजवावे तर पाच जणी रागावतात; एकत्र कुटुंबच ते!

मित्राने तारा उतरवून भिंगातून धार पाहिली. ती शाबूत होती. मग त्याने यजमानांचे बोट धरून त्या रोवलेल्या स्क्रूच्या बुडाशी ठेवले आणि स्क्रू हलवला. खारकेएवढा तो स्क्रू हलत्या दाढेसारखा डुलला. दुखणे सापडले! घोडी बिघडली नव्हती, घोडीखालची जमीन खचली होती. जुन्या धर्तीच्या या घोडीचे स्क्रू सरळ लाकडातच पिळलेले असतात. वर्षानुवर्षे तारांनी त्यांना पुढे ओढले, लाकूड दबले, भोक लांबट झाले. दांडी दाबली की स्क्रू कलंडायचा आणि परत येताना रोज नव्या जागी बसायचा.

"म्हणजे नवी घोडी बसवली असती तर?" मी विचारले.

"ती याच भोकांत बसली असती, आणि अशीच डुलली असती," मित्र म्हणाला. त्याने दोन स्क्रूंमधले अंतर मोजले. मध्यापासून मध्यापर्यंत ७४ मिलिमीटर, म्हणजे मूळ फ्लॉइड रोझचे माप. "आणि दुसऱ्या जातीची आणली असती तर हे माप जुळायची खात्री नाही. मग भोके सरकवा, लाकूड कोरा. चांगले पोलाद भंगारात आणि गिटारीला भगदाड!"

यजमान काही बोलले नाहीत. आतून त्यांच्या मातोश्रींनी विचारले, "काय म्हणतात रे डॉक्टर?" यजमान म्हणाले, "आई, दाढ हलतेय. डोकं शाबूत आहे."

दाढ बसवायला गावातलाच वैद्य निघाला. बाजारपेठेच्या मागे एका सुतारमामांचा पत्र्याचा कारखाना आहे. पूर्वी बैलगाड्या करीत, आता दारेखिडक्या आणि कपाटे करतात. त्यांनी गिटार उलटीसुलटी पाहिली, भोकात बोट घातले, आणि म्हणाले, "लाकूड भुसभुशीत आहे याचं. खुंटी मारावी लागेल, बाभळीची. गाडीचे आरे करायचो ना, त्यातला एक जुना तुकडा आहे. वीस वर्षं वाळलाय."

माझ्या मित्राने आजवर परदेशी मेपलच्या खुंट्या मारल्या होत्या. बाभळीचा तुकडा त्याने नखाने दाबून पाहिला, वजन पाहिले, आणि मान डोलावली. आधी कागदावर दोन्ही भोकांचे मध्य नेमके उतरवून घेतले, कारण एकदा भोके बुजली की मूळ जागा देवालाच ठाऊक. मग सुतारमामांनी भोके गोल करून साफ केली, बाभळीच्या दोन खुंट्या तासल्या, सरस लावून हलक्या हाताने ठोकल्या. "आता रात्रभर हात लावायचा नाही," ते म्हणाले, "नवरदेवासारखं बसू द्या."

त्यामुळे राहात्याला मुक्काम पडला, आणि मला त्याचा खेद नाही. संध्याकाळी यजमानांनी गाव दाखवले. वीरभद्राच्या देवळात गेलो, पेठेतून हिंडलो, मग बागेकडे. ऑक्टोबराची हवा, पाटाचे पाणी वाहते, आणि पेरूच्या पानांना तो तुरटगोड वास. हायवेवरून शिरडीकडे दिंड्या निघाल्या होत्या, त्यांच्या टाळांचा आवाज शेतांवरून येत होता. यजमान एकदम म्हणाले, "दादा, पूर्वी या बांधावर बसून ऐकलं की आवाजावरून कळायचं, कुठल्या गावची पार्टी वाजवतेय. आता सगळ्यांचे स्पीकर एकच." त्यांचा पुतण्या बरोबर होता. तो म्हणाला, "काका, बटणातली गिटार वाजते बरी, पण दांडी दाबल्यावर तुमची जशी रडते तशी नाही रडत." कीबोर्डवाल्याच्या तोंडून आलेले हे प्रमाणपत्र यजमानांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले, पण घरी जाताना त्यांची चाल बदललेली होती.

सकाळी कागद ठेवून मध्य पुन्हा उतरवले, सुतारमामांच्या उभ्या ड्रिलवर सरळ भोके पाडली, आणि स्क्रू पिळले. बाभळीने ते असे धरले की पिळताना लाकूड करकरले. मग घोडी चढली, एकेक नवी तार चढली, आणि मित्राचे प्रवचन सुरू झाले. यजमानांनी ते वहीत उतरवून घेतले; गिटार बाळगणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून मीही देतो.

तारा बदलायच्या त्या एकेक करून. सगळ्या एकदम काढायच्याच असतील तर पाटीखाली घडीचे फडके किंवा लाकडाची पाचर द्यावी, म्हणजे ती मागे कलंडत नाही. या घोडीत तारेच्या टोकाचा मणी कापून नुसती तार शिकंज्यात धरायची असते. खुंटी पिळण्यापूर्वी नटाचे कुलूप उघडावे. बंद कुलपावर खुंटी पिळली तर सूर तसाच राहतो आणि तार तुटते. बारीक सुरांचे स्क्रू आधी मधोमध ठेवावेत, म्हणजे पुढे वरही जाता येते आणि खालीही. नव्या तारा हाताने ताणून, पुन्हा सुरात आणून, मगच कुलूप लावावे. कुलपाचे स्क्रू तार धरेपर्यंतच आवळावेत. ताकद दाखवली की आतला लहानसा ठोकळा चिरतो. अ‍ॅलन की तीन मिलिमीटरची आणि कोऱ्या कडांची हवी. झिजलेली चावी स्क्रूचे सहा कोपरे गोल करते, आणि मग तो उघडत नाही.

घोडीची उंची बदलायची तर आधी तारा सैल कराव्यात. भर ताणात स्क्रू फिरवला तर धार त्यावर घासते आणि बोथट होते. चांगल्या घोड्या मरतात त्या बहुधा अशाच. पाटी पुढे झुकली तर पोटातल्या स्प्रिंगांचे दोन स्क्रू पाव फेरा आवळावेत, मागे बसली तर पाव फेरा सोडावेत, पुन्हा सूर लावावा, पुन्हा पाहावे. घाई करू नये. वाजवून झाले की घाम पुसावा. घामाचे मीठ पोलाद खाते. धारेवर पातळ तेलाचा एक थेंब पुरे. "वंगण थापू नका," मित्र म्हणाला. "वंगण आणि तुमच्या रस्त्याची धूळ एकत्र आली की तिथे पॉलिशपेपर तयार होतो."

शेवटी यजमानांनी गिटार अँप्लिफायरला जोडली. त्यांनी एक सूर लावला, दांडी पार खाली दाबली. तारा दोरीसारख्या लोंबल्या, आवाज विहिरीत पडल्यासारखा खोल गेला. मग हळूच दांडी सोडली. सूर वर आला आणि जेथून निघाला होता तेथेच येऊन उभा राहिला. त्यांनी पुन्हा केले. दहा वेळा केले. सुतारमामा कान देऊन उभे होते; ते म्हणाले, "बाभूळ आहे. आता तुमचा नातू वाजवील." माजघरातून मातोश्रींनी फर्माईश केली, आणि यजमानांनी आजोबांच्या सनईवरची एक जुनी धून त्या जर्मन पोलादावर आणि राहात्याच्या बाभळीवर वाजवली. तिच्यातली मींड सनईची होती की गिटारीची, हे मला तरी सांगता येणार नाही.

निघण्यापूर्वी मित्राने गिटारीच्या पाठीवरचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर घोडीची जात, स्क्रूंमधले अंतर, तारांचे माप, बाभळीच्या खुंट्या मारल्याची तारीख, एवढे लिहिले. उद्या दुसऱ्या कुणी उघडली तर त्याला हातातली वस्तू काय आहे ते कळावे. यजमानांनी पेन मागून घेतले, सुतारमामांचे नाव त्याखाली आपल्या हाताने लिहिले, आणि झाकण लावले. मग पेरूची करंडी आमच्या हातांत देऊन ते ऑर्केस्ट्राच्या मालकाला फोन लावायला आत गेले.